लिलीचं फूल कुणी नेलं?

अंगणातल्या सिमेंटच्या हौदात मावेल अशी लहान जातीची गुलाबी लिली मी रोपवाटिकेतून निवडून आणली. कंद कुंडीतल्या मातीत रोवून कुंडी पाण्यात ठेवली. पहिलं फूल आलं, काही दिवस रोज सकाळी उमललं आणि मग एके दिवशी दिसेनासं झालं. माझा संशय सरळ शेजारच्या सुमनकाकूंवर गेला. पूजेसाठी त्या आमची जास्वंद न विचारता तोडत, आणि त्याचं मला एरवी कधी काही वाटलं नव्हतं.

"काकू, लिली कुणी तोडली असेल हो?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग पदर खोचून हौदात हात घातला आणि वाकलेल्या देठासकट मिटलेलं फूल पाण्याखालून वर धरलं.

"अगं, बहर सरला की ती आपली आपणच खाली जाते."

मी ओशाळून हसले. इतक्या वर्षांच्या शेजारापेक्षा रिकाम्या पाण्यावर माझा विश्वास किती पटकन बसला होता. तरीही त्या गेल्यावर देठ खरंच कुंडीतूनच आलाय ना, हे मी पुन्हा चाचपून पाहिलंच.

दुसऱ्या सकाळी काकू परडी घेऊन फाटकाबाहेरच थांबल्या होत्या.

"जास्वंद घेऊ का गं?" त्यांनी विचारलं.