मासळी पुरवल्याबद्दल आभार

आमच्या संशोधनाचा पेपर छापून आला त्या दिवशी सरांनी लॅबमध्ये पेढे वाटले. मलाही दिला. पेढा तोंडात असतानाच मी माझं नाव शोधायला लागले. वरती सरांचं नाव. त्यांच्या शेजारी दुसऱ्या विद्यार्थ्याचं. हा तोच, मी मासळीचा डबा उघडला की नाकाला रुमाल लावून बाहेर जायचा. माझं नाव नाही. पानं उलटत गेले. अगदी शेवटी, बारीक टायपात सापडलं. मासळी पुरवल्याबद्दल आभार.

"सर, हे काय?"

"अगं, नाव छापलंय ना तुझं? परदेशात वाचतील. आईला दाखव, खूश होईल."

सगळे हसले. मीपण हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मी खाडीकाठच्या दिवाळे गावची. कोळ्याची पोर. गावातली पहिली एमेस्सी. शेजारी बेलापूरला नवीन शहर उभं राहत होतं, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तिथल्या एका संस्थेत मी या सरांकडे पीएचडीला लागले. पेशीच्या गाभ्यात डीएनएचा लांबलचक धागा असतो. तो गुंडाळून ठेवणारी जी प्रथिनं, तो आमचा विषय. शुक्रपेशीत हा धागा सगळ्यात घट्ट बसवलेला, म्हणून आम्हाला नर माशाची पांढरी गाबोळी लागायची. बोय माशाची. शिपाई दुपारी बाजारातून आणायचा.

ही प्रथिनं जेलवर, म्हणजे जेलीसारख्या पातळ थरावर, सोडली की वेगवेगळे पट्टे दिसतात. सरांना दोन जादा पट्टे दिसले. नवीन प्रथिनं सापडली म्हणून त्यांनी लगेच पेपर लिहायला घेतला. मला ते पट्टे बघून बाजारातली टोपली आठवली. सकाळपासून उन्हात पडलेला बोय. आमच्यात लहान पोरगीपण कल्ला उचलून सांगेल की हा शिळा आहे.

मी म्हटलं, "सर, हे नवीन नाही. मासा शिळा आहे. प्रथिनं तुटून त्यांचे तुकडे झालेत."

"आता तू मला बायोकेमिस्ट्री शिकवणार?"

नाही शिकवली. करून दाखवली. बाबांची होडी धक्क्याला लागली की आई एकेका बोयचं पोट दाबून नर ओळखायची, तिथंच जिवंत चिरायची आणि गाबोळी थेट माझ्या बर्फाच्या डब्यात टाकायची. मी डबा घेऊन लॅबमध्ये धावायची. पाच महिने हेच केलं. केसांना वास, बसमध्ये बायका सरकून बसायच्या. बसू देत. जादाचे दोन्ही पट्टे गायब झाले.

सरांनी जेल उजेडासमोर धरून पट्टे मोजले. मग म्हणाले, "वाचवलंस गं." त्या रविवारी ते आमच्या घरी जेवले. बोयचं कालवण दोनदा वाढून घेतलं. आईला म्हणाले, "ही माझी मुलगीच समजा." आईनं पदर डोळ्याला लावला. मीपण विश्वास ठेवला. बापासारखा मानला या माणसाला. शिळ्या माशानं कशी फसगत होते, हेच त्यांनी मग या पेपरात लिहिलं. माझं अख्खं काम. माझ्याच वह्यांतून.

पेढ्यांच्या दिवशी तो पेपर घेऊन घरी आले. आईला वाचता येत नव्हतं. तिनं पदराला हात पुसले, छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"काय लिवलंय तुज्या नावाचं?"

मी वाचून दाखवलं. तिनं ओळीवरचं बोट उचललं. मग म्हणाली, "मासली तं मीच दिली. तुजं काम कुटं लिवलंय?"

लॅबमध्ये कोणाला हा प्रश्न पडला नाही, मलासुद्धा नाही. शाळेत न गेलेल्या बाईला पडला. तेव्हा मला रडू आलं आणि रडता रडताच जिवाचा संताप झाला.

पुढच्या प्रयोगांसाठी गाबोळीचा डबा अजून मीच आणत होते. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं गेले.

"डबा कुठाय?" सरांनी विचारलं.

"आणला नाही. माझं नाव लागल्याशिवाय आणणार नाही."

"पीएचडीवर सही माझी लागते. लक्षात आहे ना?"

"आहे."

माझ्या तिन्ही वह्या उचलल्या. प्रत्येक पानावर माझ्या अक्षरात तारीख, भरतीची वेळ, कोणत्या होडीचा मासा. सगळ्याची झेरॉक्स काढली आणि त्या परदेशी मासिकाच्या संपादकाला रजिस्टर पोस्टानं पाठवली. सोबतच्या पत्रात लिहिलं: मासळी माझ्या आईनं दिली. काम मी केलं. आभाराच्या ओळीत तिचं नाव हवं, माझं वर लेखकांमध्ये.

खाली आईचं नाव लिहिलं, मग माझं, पूर्ण.

उत्तर आलं नाही. सरांनी सही केली नाही. मी दुसरं पत्र टाकलं, मग तिसरं. अजून टाकते. माझं नाव त्या ओळीतून निघेपर्यंत टाकत राहणार.