फाटक उघडं टाकणाऱ्यांची यादी

हॉलिस प्रूइटला वाचनाची गोडी लागली ती भिंतींमुळे. वीस वर्षं त्यानं पश्चिम टेक्ससच्या माळावर दुसऱ्यांची गुरं राखली. मग एकदा घोडा अंगावर पडून गुडघा कायमचा आखडला, आणि सहा आठवडे त्याला कुरणाच्या टोकावरच्या खोपटात पडून राहावं लागलं. वारा आत येऊ नये म्हणून खोपटाच्या भिंतींना जुने पेपर चिकटवलेले होते. हॉलिसनं चारही भिंती वाचून काढल्या. कुठे खटल्याची बातमी ऐन निकालापाशी दुसऱ्या कागदाखाली गेलेली, कुठे लग्नाच्या बातमीतून नवरदेवच गायब. पुढे काय झालं असेल ते तो मनाशी रचत राहायचा. उठला तेव्हा घोड्यावर बसण्याजोगा राहिला नव्हता, पण बातम्यांचं वेड डोक्यात पक्कं शिरलं होतं.

हे त्यानंच मला सांगितलं, आणि निदान चाळीस वेळा.

पिंटो क्रीकचं साप्ताहिक तेव्हा एक वयस्कर गृहस्थ चालवत. बायकोच्या छातीच्या दुखण्यापायी ते कॅलिफोर्नियाला गेले आणि जाताना छापखान्याची किल्ली रोज बातम्या वाचायला येणाऱ्या हॉलिसच्या हातात ठेवून गेले. मी, लुएला स्टॅम्प्स, तेव्हा शाळेत शिकवत होते. त्याचे पहिले दोन अंक वाचून मी तिसऱ्या आठवड्यात छापखान्यात गेले आणि म्हटलं, बातम्या झकास आहेत, पण शुद्धलेखन बघवत नाही. त्यानं आपल्या अंगावरचा एप्रन काढून माझ्या हातात दिला. त्यानंतर सत्तावीस वर्षं मी तिथे छपाईचे खिळे जुळवले. त्याला कुणी ‘मिस्टर प्रूइट’ म्हटलं, तर आपल्यामागे कोण उभं आहे म्हणून तो वळून बघायचा. तेव्हा मीही त्याला सगळ्यांसारखी हॉलिसच म्हणू लागले.

एकोणीसशे सव्वीस साली गावाच्या उत्तरेला तेल लागलं. वसंतात आम्ही अडीचशे माणसं होतो, नाताळापर्यंत सात हजार झालो. तंबूत जागा नाही म्हणून लोक न्हाव्याच्या खुर्चीत पाळीपाळीनं झोपायचे. हॉलिस भलताच खूश होता. रस्त्यावर लंगडत चार पावलं टाकली की तीन बातम्या मिळायच्या.

खूश नव्हत्या त्या टॅबिथा कॉफ्रन. गाव आणि तेलविहिरी यांच्या मधोमध या विधवा बाईंचं कुरण होतं आणि सगळे ट्रक त्यातूनच जायचे. तीन फाटकं लागत. दर फाटकाशी उतरा, उघडा, ट्रक आत घ्या, पुन्हा उतरा, लावा. घाईत असलेल्या माणसाला हे कुठलं जमायला? फाटकं सताड उघडी राहायची, आणि एका सकाळी बाईंची साठेक गुरं हलत डुलत गावात आली. हॉटेलवालीनं पेंढ्याच्या गाद्या उन्हात टाकल्या होत्या. त्यातल्या चार गाद्या गुरांनी खाऊन टाकल्या.

कॉफ्रनबाई छापखान्यात आल्या. आरडाओरडा करण्याची त्यांची पद्धत नव्हती. त्या हॉलिसला एवढंच म्हणाल्या, की तू माझ्याकडे सहा वर्षं होतास, एकदाही फाटक विसरला नाहीस. तेव्हा या लोकांना कसं शिकवायचं ते तूच बघ.

त्या आठवड्यापासून पहिल्या पानावर चौकट येऊ लागली: ‘फाटक उघडं टाकणारे’. खाली नावं. बाईंचा गुराखी टेकडीवर बसून ट्रक ओळखायचा आणि हॉलिस नावं शोधून काढायचा. गावाला एवढी मजा आली, की लोक तेलाच्या बातमीआधी ती चौकट वाचू लागले.

तिसऱ्या आठवड्यात बक लँडरम आला. एका विहिरीवरचा मुकादम, दारात वाकून शिरावं लागणारा, तेलानं डोक्यापासून पायापर्यंत काळा. हातात आमचा अंक होता. मी खिळ्यांचा खण उचलून जवळ ओढला. फेकून मारायला दुसरं काही नव्हतं.

“हे कुणी छापलं?” त्यानं विचारलं.

“मी,” हॉलिस म्हणाला. “नाव चुकलंय का? लुएला तपासते तसं.”

“नाव बरोबर आहे. तोच तर घोळ झालाय.” तो स्टुलावर बसला आणि एकदम लहान दिसायला लागला. “ओक्लाहोमात माझी आई आहे. मी बरा आहे हे तिला कळत राहावं म्हणून तुमचा पेपर तिच्या नावानं लावलाय. तिचं पत्र आलंय. म्हणते, फाटक लावायला मी तुला चालायच्या आधी शिकवलं होतं.”

हॉलिसला हसू आवरेना, पण त्यानं ते मिशीत दाबलं.

“पुढच्या अंकात लिहा की चूक झाली,” बक म्हणाला.

“खोटं नाही लिहिता येणार, बाबा. तू काहीतरी चांगलं कर, मी तेही तुझ्या नावानिशी छापतो. तेही त्याच चौकटीत.”

बक रविवारी कॉफ्रनबाईंकडे गेला. पाच गुरं अजून सापडायची होती. बाईंनी त्याला त्यातल्या त्यात गरीब घोडा दिला. तरी तो दोनदा पडला, दुसऱ्यांदा निवडुंगावर. पण संध्याकाळच्या आत गुरं मिळाली. बाईंनी त्याला घेवडा आणि मक्याची भाकरी वाढली, आणि तो उभ्यानंच जेवला. बसण्याची सोय राहिली नव्हती.

जेवता जेवता त्यानं फाटकाचा विचार केला. पुढच्या आठवड्यात तो जुने पोलादी पाइप घेऊन आला. फाटकाच्या जागी आडवा खड्डा खणून त्यावर वीत-वीतभर अंतरानं पाइप टाकले. ट्रक वरून खडखडत जाईल, गुरांच्या खुरांना मात्र भरवसा वाटणार नाही. दुसऱ्या काही तेलगावांत असं केलेलं त्यानं पाहिलं होतं.

“माझ्या गाई इतक्या बावळट नाहीत,” कॉफ्रनबाई म्हणाल्या.

शनिवारी चाचणी ठरली. अर्धं गाव टोपल्यांत जेवण घेऊन आलं. ट्रक आरामात गेला. मग गाई आणल्या. पहिली आली, पाइप हुंगले, खाली पोकळ दिसताच मागे सरली. तिच्यामागून आलेल्या सगळ्या तशाच थांबल्या. लोक टाळ्या वाजवणार, एवढ्यात बाईंची सर्वांत म्हातारी गाय चार पावलं मागे गेली, पळत आली आणि झेप घेऊन थेट पलीकडे उतरली. मग सगळ्यांत आधी कॉफ्रनबाई हसल्या. त्यांना हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

बकनं खड्डा आणखी दोन हात रुंद केला. महिन्याभरात तिन्ही फाटकं गेली आणि चौकटीत छापायला नावंच उरली नाहीत. हॉलिसला जरा चुटपुट लागली, कारण अंक त्या चौकटीमुळे खपत होता. शेवटच्या चौकटीत एकच नाव होतं, बक लँडरमचं, आणि खाली सगळी हकिकत, निवडुंगासकट. निवडुंग गाळा म्हणून तो माझ्याकडे आला होता. मी म्हटलं, मी फक्त शुद्धलेखन बघते.

तेल दहाएक वर्षं टिकलं. मग तंबू गेले, हॉटेलं गेली, आम्ही चारशेवर आलो. हॉलिस म्हणायचा, आता पुन्हा सगळ्यांची नावं लक्षात राहतात. साठी उलटल्यावर तो जुन्या आठवणी लिहू लागला. दर आठवड्याला कुणी ना कुणी येऊन सांगायचं, अमका घोडा तांबडा नव्हता, करडा होता. हॉलिस ते सगळं छापायचा. पुढे पुढे आठवण अर्धा रकाना आणि दुरुस्त्या दीड रकाना असं होऊ लागलं. मी कुरकुर केली, की तुझ्या आठवणीत तुझं उरलंय काय? तो म्हणाला, “अगं, भांडायला का होईना, सगळे येतात तरी.”

त्रेपन्न साली डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा त्यानं पेपर माझ्यावर सोपवला. माझा पहिला अंक निघाला त्या दिवशी तो काउंटरशी येऊन सगळ्यांसारखा रांगेत उभा राहिला. अंक नाकाशी धरून त्यानं उभ्याउभ्या पहिलं पान वाचलं, मग दुसरं. मागे रांग खोळंबली होती. शेवटी त्यानं अंकाची घडी केली, काखेत मारली, आणि जाता जाता रांगेतल्या लोकांना म्हणाला, “बाई बरं लिहितात.”

दारातून बाहेर पडल्यावर तो परत आत डोकावला आणि म्हणाला, की पुढच्या आठवड्यात थोडी दुरुस्ती घेऊन येईन.