कुलूपबाईंचं पुस्तक

कुलूपबाई हे नाव आपल्याला कोणी ठेवलं याचा त्यांनी पुष्कळ शोध घेतला. पत्ता लागेना, तेव्हा सोयीचं म्हणून सगळ्या ऑफिसवरच संशय धरला. नाव मात्र खोटं नव्हतं. माल वाहतुकीच्या त्या कंपनीत त्यांच्या टेबलाच्या प्रत्येक खणाला कुलूप होतं, स्टेपलर सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेला होता, आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाताना त्या पाण्याच्या बाटलीवर पेनाने रेघ मारून जात. परत आल्यावर पाणी रेघेखाली गेलेलं दिसलं, तर उरलेलं कुंडीत.

नवरा लवकर गेला. टायपिंगच्या जोरावर त्यांनी मुलाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं. टाइपरायटर गेले आणि कॉम्प्युटर आले, तरी त्यांचं काम तेच राहिलं: पत्र टाइप करायचं, छापायचं, सहीला पाठवायचं. मग एके दिवशी साहेबांनी सगळी जुनी मशीनं हलवून नवीकोरी आणली आणि जाहीर केलं की महिनाअखेरीस एक छोटी परीक्षा होईल. ग्राहकांच्या यादीवरून प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पत्र एका झटक्यात काढता आलं पाहिजे.

"आणि नाही आलं तर?" कुलूपबाईंनी विचारलं.

"तर खाली रेकॉर्ड रूमला माणूस हवाच आहे," साहेब म्हणाले.

रेकॉर्ड रूम तळघरात होती. जुन्या फायलींच्या धुळीत थोडा वेळ उभं राहिलं तरी बाईंच्या छातीत शिट्टी वाजायची. दम्याचा पंप त्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवत, चेन लावून. तळघर म्हणजे त्यांच्यासाठी सरळ राजीनामाच. आणि राजीनामा म्हणजे घर. घरी कोण कशासाठी टपून बसलं आहे हेही त्यांना ठाऊक होतं. नात पाळणाघरात जायची, रोज रडत जायची आणि महिन्यातून एकदा तरी सर्दी घेऊन यायची.

"आई, झेपत नसेल तर सोडून दे ना," मुलगा जेवताना म्हणाला. "छोटी आहेच की घरी. तुझाही वेळ जाईल."

"माझा वेळ मी घालवते. तू भात घे."

सून काहीच बोलली नाही. खाली मान घालून छोटीला भरवत राहिली. बोलणाऱ्या माणसांपेक्षा न बोलणाऱ्यांचा कुलूपबाईंना जास्त संशय यायचा.

क्लास लावायचा प्रश्नच नव्हता. क्लासवाल्याने ऑफिसात बोलून टाकलं म्हणजे? त्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेल्या आणि ऑफिसचं कॉम्प्युटर काम शिकवणारं एक जाडजूड पुस्तक काढून घेतलं.

"पानं सगळी आहेत ना यात?"

"बघून घ्या," दुकानदार म्हणाला.

त्यांनी खरंच पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. "मग आधीच्याने विकलं का?"

"शिकून झालं असेल."

"किंवा जमलं नसेल."

"बाई, मी पुस्तकं विकतो. भविष्य सांगत नाही."

घरी आल्यावर त्यांनी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं. सून एका कंपनीत प्रोग्रॅमिंग करायची; दिवाणखान्यात तिच्या प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांचं एक अख्खं फडताळ होतं. बाईंनी आपलं पुस्तक नेमकं त्यांच्यात खुपसलं. आपल्या कपाटात कोणीही आधी शोधेल, इथे कोणाच्या बापाला कळणार नाही, असा त्यांचा हिशेब. आपलं फडताळ सुनेला पाठ असेल, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

मुलाचा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात धूळ खात पडला होता. सून बाहेरून यायच्या आत त्या त्यावर बसत. पुस्तक म्हणे, वरच्या ओळीत 'टूल्स' शोधा. टूल्स होतं. त्याच्या आत 'लेटर्स अँड मेलिंग्ज'. तेही होतं. पुस्तक दाखवेल तसं जात गेलं की पत्रं नावांसकट तयार व्हायची. कुलूपबाईंना पुस्तक आवडलं. सांगितलेली वस्तू सांगितलेल्या जागी सापडणं, हे त्यांना माणसांत फारसं भेटलं नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी पुस्तक उघडलं, तर समासात पेन्सिलीने बारीक लिहिलेलं: 'टूल्स नाही. वर मेलिंग्ज बघा.'

बाईंनी स्क्रीनवर पाहिलं. टूल्स तर समोर ढळढळीत दिसत होतं. वर मेलिंग्ज नावाचं काही नव्हतंच. पुढच्या पानावर आणखी एक ओळ, त्याच्या पुढे आणखी एक. सगळ्या खोट्या.

हे विकत घेताना नव्हतं. त्यांनी डोक्याचा एक पांढरा केस काढला, पानांत आडवा ठेवला आणि पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी केस गायब आणि नव्या पानावर नवी ओळ.

घरात आपल्याशिवाय माणसं तीन. छोटीला लिहिता येत नाही, आणि मुलाचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. उरली ती न बोलणारी. का लिहील हेही लख्ख होतं. सासू नापास झाली की घरी बसेल. घरी बसली की पाळणाघर सुटलं!

बाईंनी आरडाओरडा केला नाही. खोडरबर आणलं आणि एकेक ओळ घासून काढली. कागद पातळ होईपर्यंत घासली. मग रबराचा भुगा फुंकर मारून खिडकीबाहेर उडवला आणि रात्री सुनेला म्हणाल्या, "भाजी छान झालीय हं आज." म्हणजे तिला वाटावं, म्हातारीला काही कळलेलं नाही.

ऑफिसात मात्र वेगळंच संकट. नव्या मशीनसमोर बसून त्यांनी टूल्स शोधलं, तर टूल्सच नाही! सगळी पट्टीच बदललेली. शेजारच्या टेबलावर नुकतीच लागलेली एक मुलगी बसायची, तोंडात सतत च्युइंगगम. ती आदल्या दिवशी बाईंच्या खुर्चीजवळ घुटमळताना दिसली होती. घरी एक, इथे दुसरी. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या म्हणून बरं, नाहीतर बाईंनी त्यांचाही एक गट करून टाकला असता.

त्यांनी वाट पाहिली. परीक्षा दोन दिवसांवर आली तरी टूल्स परत येईना. तेव्हा सगळ्यांसमोर त्या उठल्या.

"माझं टूल्स कुठे ठेवलंस?"

"काय, काकू?"

"काकू काकू करू नकोस. माझ्या मशीनवरचं टूल्स काढलंस ते परत लाव. मी काय खुळी वाटले तुला?"

मुलीचं च्युइंगगम थांबलं. तिने आपली स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "माझ्याकडेही नाहीये हो. कोणाकडेच नाहीये. पुढे साहेबांच्याकडे जाऊन बघा. नव्यात असंच येतं."

कुलूपबाईंनी तिची स्क्रीन पाहिली. मग पलीकडच्या कारकुनाची. मग, कोणी हसतंय का ते बघत, तिसरी. टूल्स कुठेच नव्हतं. वरच्या ओळीत मात्र सगळीकडे एक शब्द होता. मेलिंग्ज.

तो शब्द त्यांनी कुठे वाचला होता ते आठवायला त्यांना घरी जावं लागलं नाही. तिथेच, उभ्या जागी, कानाच्या पाळ्या तापल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळीच त्या पुस्तक घेऊन खिडकीशी बसल्या आणि पान उन्हात तिरकं धरलं. रबराने शिसं गेलं होतं, पण पेन्सिलीचा दाब कागदात राहिला होता. 'मेलिंग्ज' एवढं वाचता आलं. पुढचं इतकं घासलं होतं की कागदाला भोकच पडलं होतं.

"त्या भोकात 'यादी निवडा' असं होतं," मागून सून म्हणाली. छोटी तिच्या कडेवर होती.

बाईंनी पुस्तक मिटलं नाही. मिटून आता काय उपयोग? "तू लिहिलंस."

"हो. तुमच्याकडे नवी मशीनं आली असं तुम्हीच सांगितलं होतंत. पुस्तक जुन्यावरचं, आपला कॉम्प्युटरही जुना. म्हणून तो पुस्तकाशी जुळतो. ऑफिसचा कसा जुळेल?"

"मग तोंडाने सांगायचं! तोंडाला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, कोणी पढवून पाठवली हिला."

हे खरं होतं. पण इतक्यावर सोडणाऱ्या त्या नव्हत्या.

"मी घरी बसावं असं तुला वाटत नाही? खरं सांग. पाळणाघर सुटेल तुझं."

"वाटलं होतं," सून म्हणाली. "ती पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा. मग डोळ्यांसमोर आलं, मी दिवसभर ऑफिसात आणि तुम्ही दिवसभर घरात. माझं कपाट तुम्ही रोज आवराल. माझे डबे हलवाल. दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांची झडती घ्याल. त्यापेक्षा पाळणाघर परवडलं, आई."

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. आपल्या भल्यासाठी म्हणून कोणी काही केलं, यावर त्यांनी जन्मात विश्वास ठेवला नव्हता. पण हे कारण चांगलं होतं. यात समोरच्याचा फायदा होता. या कारणाला कुठे गळती दिसेना.

"पेन्सिल आण," त्या म्हणाल्या. "नको, पेनच आण. आणि लिही सगळं परत. पण इथे, माझ्यासमोर बसून."

"भोकात काय लिहू?"

"भोकाच्या बाजूला लिही. आगाऊपणा नको."

दुपारभर दोघी बसल्या. छोटीने खोडरबर चघळलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी त्यांनी च्युइंगगमवाल्या मुलीच्या टेबलावर गोळ्यांची एक पुडी ठेवली. "काल परवा मी बोलले ते सोड," असं म्हणून लगेच आपल्या खणाचं कुलूप ओढून पाहिलं. मग मशीनसमोर बसल्या. वर मेलिंग्ज. यादी निवडा. नावाची जागा. साहेब पाठीशी उभे होते. प्रिंटर घरघरला आणि पत्रामागून पत्र बाहेर पडायला लागलं, प्रत्येकावर वेगळं नाव.

"झालं की, बाई! उत्तम. बसा तुमच्या जागेवर, तळघराचं मी दुसरं काहीतरी बघतो."

कुलूपबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पत्रांचा गठ्ठा उचलला, यादी शेजारी ठेवली आणि चष्मा नाकावर सरकवून पहिलं नाव पडताळायला घेतलं.

"अहो, मशीन चुकत नाही," साहेब म्हणाले.

"असेल," बाई म्हणाल्या आणि दुसरं पत्र वर घेतलं. "पण ते नवीन आहे इथे. अजून ओळख कुठे झालीय?"