कोचबाईंचा नवरा दुबईत

जायचं ठरलं ते फोनवर, आणि फोन मला नव्हताच. माझी बायको सुजाता साताऱ्यात मुलींना कबड्डी शिकवते. तिच्या माहेरची, चिपळूणकडची पोरं दुबईत साइटवर कामाला आहेत. तिथल्या मराठी मंडळांच्या स्पर्धेसाठी त्यांना कोच हवा होता. "ताई, आठवडाभर या. सरांनाही आणा," कॅप्टन दिलीप म्हणाला. सर म्हणजे मी. मी बँकेत आहे, कबड्डीतलं मला ओ की ठो कळत नाही.

जाणार असाल तर जानेवारीत जा. विमानतळावरच मेट्रोचं कार्ड काढा. पंचवीस दिरहम, म्हणजे सहाशे रुपये! हा हिशेब मी एवढ्या मोठ्यानं केला की रांगेतला एक गृहस्थ मराठीत म्हणाला, "पहिले चार दिवस असंच होतं."

पोरं दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात कंपनीच्या खोल्यांत राहतात. ड्यूटी संपली की मागच्या वाळूवर सराव. पहिल्या संध्याकाळी सगळे आधी माझ्या पाया पडले. मीही आशीर्वाद देऊन मोकळा झालो. मग सुजातानं शिट्टी वाजवली आणि त्यांना असं पळवलं की दिलीप धापा टाकत म्हणाला, "ताई, खलास!"

"खलास कधी ते मी सांगेन. यल्ला!" एका दिवसात बाई 'चला'ला अरबी शब्दही शिकल्या होत्या.

मधल्या एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दुबई मरीना पाहिली. पाण्याकाठी चालायला पैसे पडत नाहीत, बसून खायला मात्र पडतात. आम्ही भरपूर चाललो. चालता चालता सुजाता म्हणाली, "मुलींच्या संघाला पुरुष कोच असला तर कुणी काही विचारत नाही. मला मात्र पुरुषांचा संघ आजवर कुणी दिला नाही. ही फायनल मला जिंकायचीय." एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि चालत राहिलो.

फायनल भाड्याच्या हॉलमध्ये होती. आयोजक भोसलेशेठ, केटरिंगवाले, फार अगत्यशील माणूस. "वहिनी, तुम्ही फॅमिलीत बसा. सर, तुम्ही बेंचवर."

"शेठ, कोच त्या आहेत," मी म्हणालो.

"घरी सगळ्यांच्याच असतात!" शेठ हसले आणि मला खांद्याला धरून बसवलं. सुजाताला कुंकू लावून, गजरा देऊन बायकांमध्ये नेलं. जाता जाता ती दातओठ खात म्हणाली, "फोन कानाला लावा. मी सांगते."

ढोलताशाच्या गजरात फोनवर काय ऐकू येणार? पोरांच्या पकडी सुटत होत्या. मी टाइमआउट घेतला. सात घामाघूम चेहरे माझ्याकडे आशेनं पाहू लागले. "पाणी प्या," मी म्हणालो. ते प्यायले आणि आणखी मागे पडले.

उत्तरार्धात मी पुन्हा टाइमआउट मागितला. या वेळी दिलीप माझ्यासमोरून सरळ पुढे पळाला, मागून सगळा संघ. गजऱ्यांच्या आणि पैठण्यांच्या मधोमध सातही जण उकिडवे बसले.

"अरे, तिकडे लेडीज आहेत!" शेठ ओरडले.

"शेठ, आमची कोच तुम्हीच इकडं बसवलीय!" दिलीप म्हणाला.

सुजाता भराभर सांगत होती, "त्यांचा रेडर उजवीकडं झुकतो आणि डावीकडून पळतो. घाई नको. साखळी सोडू नका." शेजारची एक चिमुरडी आईला म्हणाली, "मम्मा, शी इज द बॉस?" आईनं पर्स उचलून सुजाताला जागा करून दिली.

साखळी सुटली नाही. एकेक करून गुण भरून निघू लागले. तरीही दोन गुणांनी हरलो. पोरं रडली. सुजाता रडली नाही, भयंकर चिडली होती. "पहिल्यापासून बेंचवर असते तर जिंकलो असतो," एवढंच म्हणाली, आणि ते खरं होतं. मला फार वाईट वाटलं.

साताऱ्यात येऊन बरेच दिवस झाले. खजूर संपले. काल भोसलेशेठांचा फोन आला. माझी चौकशी न करताच म्हणाले, "मॅडमना द्या." पुढच्या स्पर्धेचं बोलणं चाललं होतं. सुजातानं नुसतं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येईन. पण सामन्याच्या दिवशी नाही, महिनाभर आधी. आणि बेंचवर कोण बसणार ते आत्ताच सांगा."

पलीकडून शेठ काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "तिकीट एकच पाठवतायत," ती म्हणाली. संघातून वगळल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल.