चिठ्ठी बांधलेले रेडिओ

कापूरहोळ फाट्यावर रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते. मी तेव्हा पुण्यात प्रोग्रॅम लिहायचो. माझ्या प्रोग्रॅममधली नको असलेली माहिती आपोआप पुसली जायला हवी होती. पण कॉम्प्युटरची मेमरी भरतच चाललेली.

एकदा आमच्या गावची, विंझरची एसटी चुकली म्हणून चाचांच्या दुकानात टेकलो. चाचा फडक्यानं जुन्या रेडिओंची धूळ पुसत होते. प्रत्येकाला, परत न्यायला न आलेल्या गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी.

"भंगारात का देत नाही?"

"चिठ्ठी हाय तवर त्याला भंगार म्हणायचं न्हाई."

सोमवारी चूक सापडली. एका विसरलेल्या यादीत सगळ्या माहितीची नावं तशीच राहिली होती, म्हणून कॉम्प्युटर ती पुसत नव्हता. ती यादी मी काढून टाकली.

पुढच्या खेपेला हे चाचांना सांगायला गेलो, तर माझं नाव-गाव विचारून त्यांनी एक रेडिओ पुढं ठेवला. चिठ्ठीवर माझ्या वडिलांचं नाव. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

"सोडू का चिठ्ठी?"

"राहू द्या," मी म्हणालो.