बिनकड्यांचं घर

चावीवाल्या काकांच्या घरात एकाही दाराला आतून कडी नाही. जिथे होत्या तिथे स्क्रूची भोकं उरली आहेत. पाहुण्याचा हात न्हाणीघरात कडी शोधतो, तेव्हा ती दिसतात.

चौतीस वर्षं काकांनी कोर्टासमोरच्या जिन्याखाली बसून चाव्या घासल्या. अडलेलं कुलूप ते अर्ध्या मिनिटात उघडतात. त्याआधी विचारतात, "घर तुमचंच ना?" उत्तर ऐकत नाहीत, चेहरा बघतात. खरा मालक चिडतो. चोर नम्रपणे बोलतो.

मुलीच्या बाबतीत चेहरा बघायचं राहून गेलं. ती गोदामात खोकी उचलायची. पाठीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. चिठ्ठीवर मिळेनात तेव्हा ती कुणाकुणाकडून आणू लागली. एका दुपारी न्हाणीघरातला नळ वाहतच राहिला. काका अवजारांची पिशवी घेऊन धावले, दाराशी गुडघ्यावर बसले, आणि नुसताच लाकडावर हात फिरवत राहिले. कडीला चावीचं भोक नसतं. शेवटी शेजाऱ्याने खांद्याने दार मोडलं. आत ती निळी पडली होती. अँब्युलन्स लवकर आली म्हणून वाचली.

उपचार संपवून ती घरी आली, त्याच्या आदल्या दिवशी काकांनी सगळ्या कड्या काढल्या.

"चोराच्या मनात चांदणं म्हणतात," काकू म्हणाल्या, "यांच्या मनात बारा महिने अवस."

काकांनी ऐकून घेतलं. किल्लीच्या दात्यातला केसाएवढा फरक ओळखणारे त्यांचे डोळे आता जेवताना मुलीच्या बुबुळांवर असत. गोळी घेतली की मधला काळा ठिपका टाचणीएवढा होतो, असं त्यांना उपचार केंद्रात सांगितलं होतं. ती गप्प बसली की त्यांना शंका येई. हसली तर जास्तच येई.

चौथ्या महिन्यात, तिच्या कपाटात, स्वेटरच्या घडीखाली त्यांना पत्र्याचा डबा सापडला. त्याला चिमुकलं पितळी कुलूप. इतकं हलकं, की उघडताना काकांना तिचा आणि कुलूप बनवणाऱ्याचाही राग आला. आत सीलबंद पाकिटात पांढरी प्लास्टिकची वस्तू होती, पुढे निमुळती नळी. ती खिशात घालून ते तडक कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले.

"काय आहे हे? खरं सांगा."

औषधवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. "आणलंत कुठून?"

"मी विचारतोय."

"श्वास थांबायला लागला की नाकात मारायचा फवारा आहे. गोळ्यांचा असर तेवढ्यापुरता उतरतो, तोवर अँब्युलन्स बोलवायची." त्याने पाकीट परत दिलं. "पण काका, माणूस बेशुद्ध झाला की स्वतःचं स्वतःला मारून घेता येत नाही. दुसरं कुणी तरी जवळ लागतं."

मुलगी इस्त्री करत होती. काकांनी पाकीट टेबलावर ठेवलं.

"उघडलंत एकदाचं," ती म्हणाली. "आठ दिवस लागले. म्हातारे झालात बाबा."

"कुलूप कशाला लावलंस?"

"उघड्यावर ठेवलं असतं तर तुम्ही कचऱ्यात टाकलं असतं. आईच्या डोकेदुखीच्या गोळ्या टाकल्यात तसं. कुलपातलीच वस्तू तेवढी तुम्ही नीट बघता."

"म्हणजे परत घेणार आहेस तू."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "आज नाही."

"आणि उद्या?"

"उद्याचं ठाऊक असतं तर हे आणलं असतं का?"

काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती चिडली नव्हती, नम्रही झाली नव्हती. असा चेहरा जिन्याखाली त्यांच्यासमोर कधी आला नव्हता. विश्वास ठेवावा की नाही, हे त्यांना त्यावरून कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही. न्हाणीघराच्या दाराला नवं कुलूप बसवलं: आतून खटका, बाहेरून चावी. दाराशेजारी खिळा ठोकला आणि ते पाकीट तिथे अडकवलं. चावी एकच केली.

मुलगी टॉवेल घेऊन आत गेली. कितीतरी महिन्यांनी त्या घरात आतून खटका वाजला. मग नळ सुरू झाला. काका चावी हातात घेऊन उभे राहिले. नळ वाहत राहिला. चावी त्यांनी भोकापर्यंत नेली.

"बाबा," आतून आवाज आला, "दाराशी उभे आहात ना?"

"नाही," काका म्हणाले.