चिखलातली बाज

शिरगणतीत माणसं कमी भरली, म्हणून आमच्या गावाला सडक नाही, असं कचेरीतून उत्तर आलं. त्या साहेबाने श्रावणात आमच्या काळ्या चिखलातून एकदा चालून दाखवावं! बैलगाडी आसापर्यंत रुतते. आजाऱ्याला बाजेवर घालून चौघांनी जऊळक्याच्या स्टेशनावर न्यावं लागतं, आणि त्या चौघांत पुढे नेहमी गावातला एकच गडी असतो. उचलण्याआधी तो माणसांच्या उंच्या पाहतो. "हा ठेंगना हाय, याले मांगं घ्या," म्हणतो. बाकी बोलणं जेमतेम.

मी सडकेच्या अर्जावर अंगठे घेत फिरत होतो. त्या गड्याकडे गेलो, तर म्हणाला, "आंगठा मंग देतो भाऊ, आदी बाज धरा."

बाजेवर अडलेली बाळंतीण होती. मागच्या बाजूला माझ्या जोडीला तिचा नवरा. पुढे असलेला गडी चालता चालता मागे हात नेऊन तिचं पाऊल चाचपायचा. नाला ओलांडल्यावर त्याने चाचपणं सोडलं, पण चालत राहिला तसाच. रुळाजवळच्या कोरड्या जागेवर बाज टेकवली, तेव्हा नवऱ्याला हळूच म्हणाला, "दादा, गेली."

नवरा तिथेच बसला. मी गड्याला बाजूला ओढलं. "कधी?"

"नाल्यावरच."

"मग तिथेच का सांगितलं नाही?"

"सांगतलं असतं तं त्यानं बाज सोडली असती," तो म्हणाला. "बाईले चिखलात टाकाव काय?"